भरवसा

गळ्यातली शिट्टी काढून मॅडमनी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल शिकवण्यात केस पांढरे झाल्यावर आता कुठे राज्याच्या संघाचं बोलावणं आलं होतं.

तेवढ्यात कॉलेजच्या संघाच्या कॅप्टनचे वडील तिला घेऊन दारात आले. “नवे सर चांगलेच असतील हो. पण परगावी सामन्यांना पोरी आम्ही तुमच्या भरवशावर धाडतो, मॅडम. तुम्ही नसाल, तर आमची घरीच बरी.” त्यांच्यामागे पोर बुटांच्या नाड्या सोडू लागली.

मॅडमनी शिट्टी उचलून पुन्हा गळ्यात घातली. त्यांच्या वडिलांनीही त्यांना असंच इथं तेव्हा बास्केटबॉल शिकवणाऱ्या बाईंच्या भरवशावर धाडलं होतं. त्या बाई जन्मभर इथेच राहिल्या. “यांना बाहेर विचारतंय कोण!” म्हणत तेव्हाच्या संघातल्या मुली हसायच्या.

सगळ्यांत मोठ्याने मॅडमच हसायच्या.