ऑर्व्हलचा हात बसला

संधिवातानं व्हर्नाची बोटं सुजून आखडली, तेव्हापासून रोज सकाळी तिचे दात तिचा नवरा ऑर्व्हल घासून द्यायचा. तरी हिरड्यांतून रक्त यायचं आणि तो बिचारा स्वतःलाच दोष द्यायचा. मग तिला संधिवाताची नवी इंजेक्शनं सुरू झाली. यंदा दोघं डुलुथ गावातल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात आली, तेव्हा तिच्या हिरड्या छान गुलाबी झाल्या होत्या.

"बघा डॉक्टर, बसला की नाही माझा हात!" ऑर्व्हल फुशारला.

"बसलाच," मी म्हटलं, "पण तिचं शरीर स्वतःवरच उलटलं होतं, त्याला या औषधानं आवर घातलाय. सांध्यांची सूज उतरली, तशी हिरड्यांचीही. व्हर्ना, आता ब्रश धरता येत असेल ना?"

ऑर्व्हलचा चेहरा पडला.

"छे हो, कुठलं जमतंय!" व्हर्ना म्हणाली. "यालाच घासावे लागणार."

"घासीन की!" म्हणत तो खुशीत बर्फात गारठलेली गाडी गरम करायला बाहेर गेला.

व्हर्नानं कोटाची सगळी बटणं स्वतःच भराभर लावली.

"त्याला सांगू नका हं," ती म्हणाली. "एरवी इतक्या जवळून माझ्याकडे बघतो कुठे तो!"