घाण्याचं पाणी

दुपारच्या निजानीज झालेल्या घरात बाटलीचं बूच निघाल्याचा आवाज आला. बारीकसाच, पण अर्गिरोच्या कानांनी टिपला. या वेळी राकीची दारू पिणारं तिच्या घरात कुणी नव्हतं.

ती अनवाणीच स्वयंपाकघरापर्यंत आली आणि दारात थबकली. शेगडीत ऑलिव्हचा सुका चोथा धुमसत होता. शेजारी तिचे वडील, सिफिस, डोळे घट्ट मिटून पेल्यातलं काहीतरी काळं घशाखाली लोटत होते. तिच्या लेकीचं, रोदान्थीचं तोंड खोकल्याचं औषध घेताना होतं, अगदी तसं त्यांचं झालं होतं.

"बाबा, काय ते?"

"काही नाही. घाण्याचं पाणी."

ऑलिव्हचं तेल निघाल्यावर मागे उरतं ते. सिफिसनी सारा जन्म घाण्यावर काढला होता, आणि दर हिवाळ्यात हेच पाणी ओढ्यात सोडलं म्हणून गावाच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. यंदा शहरातली माणसं टँकर घेऊन येऊ लागली. त्यातल्या कडू अर्कानं रक्तवाहिन्या नरम राहतात की काय, याचा म्हणे अभ्यास चाललाय. तेव्हापासून सिफिस रोज दाढी करून कॉफीच्या दुकानात जात, आणि पुढच्या टेबलाशी बसत. अर्गिरोला ते बघून बरं वाटायचं.

"सकाळची गोळी घेतलीत?"

"घेतली की."

तिनं खिडकीतली पुदिन्याची कुंडी उचलून टेबलावर ठेवली. सकाळी पानं खुडतानाच तिला दिसलं होतं. प्रेशरच्या गोळ्या मातीत रुतल्या होत्या, काही विरघळून नुसते पांढरे डाग उरले होते.

"पुदिन्याचं प्रेशर आता अगदी छान आहे," ती म्हणाली.

सिफिसना हसू आलं, पण नजर त्यांनी पेल्यातच ठेवली. "अगं, औषध आपल्या दारात असताना ती दुकानातली खडूची पूड कशाला? तो टँकरवाला पोरगा सांगत होता..."

"तो टँकर चालवतो, बाबा. ते लोक आख्ख्या टँकरमधून चमचाभर काढतात. आणि तेही कुणाला द्यायचं, किती द्यायचं, हे अजून बघतायत. तुम्ही घाण्यामागच्या खड्ड्यातलं पाणी राकीच्या बाटलीत भरून आणलंय."

"गाळून घेतो ना. तुझ्या आईच्या चीजच्या फडक्यानं."

गेल्या उन्हाळ्यात ते अंगणात कोसळले, तेव्हापासूनच्या या गोळ्या. पण गेल्या उन्हाळ्यात ते इतके ताठ बसतही नव्हते.

तेवढ्यात आईच्या चपला फरफटवत रोदान्थी आली. आजोबांच्या मांडीवर चढून तिनं पेला हुंगला आणि नाक मुरडलं.

"हे ते ओढ्यातलं काळं ना? तुम्हीच सांगितलं होतंत, यानं मासे मरायचे."

"मरायचे खरे."

"मग तुम्ही का पिताय?"

सिफिसनी पेला टेबलावर ठेवला. मग लेकीकडे वळले. "तू पढवलंस हिला?"

"तुमचीच नात आहे. तिला पढवावं लागत नाही."

शेगडीत एक बी तडकली. सिफिसनी तळहात पुढे केला. अर्गिरोनं त्यावर गोळी ठेवली. गोळी त्यांनी गिळली, पण पेल्यात उरलेल्या शेवटच्या घोटाबरोबर. हरल्याचं दिसू द्यायचं नव्हतं.

"आता रोज माझ्यासमोर घ्यायची," तिनं बजावलं. "आणि हे पाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही."

"डॉक्टर अथेन्सचा. त्याला काय कळतंय ऑलिव्हमधलं?"

"विचारायचं म्हणजे विचारायचं."

"बरं बाई."

तिनं मधाचा चमचा भरून त्यांच्या तोंडात घातला. कडवटपणा उतरला तसे सिफिस खुर्चीत मागे रेलले, पाय शेगडीकडे पसरले. सगळं जागच्या जागी आल्यासारखं अर्गिरोला वाटलं. रिकामा चमचा तिच्या हातातच होता.

रोदान्थी मात्र पेला, कुंडी आणि आजोबा यांच्याकडे आळीपाळीनं बघत होती.

"आई, आता आजोबांना बरं वाटलं, तर ते कशानं वाटलं म्हणायचं?"