शून्याचा मान

"पस्तीस," मोरलाईस म्हणाला. "वहीत पस्तीस लिहिलंय ना? मग पाटीवरही पस्तीसच लिहा."

समितीत तिघेच होते, आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तो इडवल त्या तिघांतलाच. त्याने दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

खाण बंद झाल्यापासून आमच्या खोऱ्यात खाणकामगारांच्या हॉलची माडी तेवढी जागी होती. वर स्नूकरची दोन टेबलं आणि चौदा खेळाडू. यंदा प्रथमच रीतसर क्रमवारी लावायची होती. भिंतीवर फळी बसवली, फळीला चौदा खिळे ठोकले, प्रत्येक खिळ्यावर एकेकाच्या नावाची पाटी. दर शनिवारी कुणीही आपल्या लगतच्या वरच्या खेळाडूला आव्हान द्यायचं. जिंकला की त्याचा खिळा आपला. डाव बरोबरीचा व्हावा म्हणून कच्च्या खेळाडूला आधीच काही गुण मिळणार होते. किती, तो आकडा नावाखाली लिहायचा. ज्याला काहीच लागत नाही त्याच्या नावाखाली शून्य. त्यामुळे आमच्याकडे शून्य हाच सगळ्यांत मोठा आकडा होता. एकोणीस वर्षं इडवलच सगळ्यांत सरस मानला जायचा, त्यामुळे शून्य त्याचं हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती, आणि पहिला खिळाही त्याचाच असणार होता.

पण दोन वर्षांपासून इडवलचा उजवा हात थरथरत होता. सगळ्यांना दिसत होतं, बोलत कुणी नव्हतं. समितीतला तिसरा म्हणजे सेक्रेटरी गेथिन. त्याने मागच्या हंगामाचे सगळे गुण मांडले, तेव्हा वहीत इडवलच्या नावापुढे पस्तीस आले.

"तुझा हात हलतो, लेका," मोरलाईस म्हणाला. तीस वर्षं तो खाणीत इडवलच्या शेजारी राबला होता. "मंगळवारी चुकून पांढरा चेंडूच तीनदा पॉकेटात घातलास. पस्तीस घे आणि पहिल्या खिळ्यावर निवांत बस."

इडवलचा चेहरा उतरला. आयुष्यात कुणाकडून एका गुणाची भीक घेतली नाही, तो म्हणाला. पहिला राहीन तर शून्यावर राहीन.

तेव्हा गेथिनने खोडरबर उचललं. त्याला क्यूची काठी धरायला इडवलनेच शिकवलं होतं. "काका," तो हळूच म्हणाला, "मी इथे असेपर्यंत तुमच्या नावाखाली शून्यच राहील." वहीतले पस्तीस पुसले गेले. दोन मतं विरुद्ध एक. हंगाम संपेपर्यंत कुणाचाही आकडा बदलायचा नाही, या नियमाखाली तिघांनी सह्या केल्या.

इडवलने हात पुढे केला. गेथिनने तो दोन्ही हातांत घेतला आणि मान खाली घालून बराच वेळ धरून ठेवला. संध्याकाळी गेथिनला बिअरचे पैसे कुणी देऊ दिले नाहीत. मोरलाईसच्या टेबलावरून मात्र एकेक जण उठला. त्यात मीही होतो, सांगायला लाज वाटते.

शनिवारी पहिलं आव्हान लागलं. दुसऱ्या खिळ्यावर गेथिन होता, त्याचाही आकडा शून्य. इडवल खूश होता. पहिला डाव आपल्या शिष्याशी, हे त्याला साजेसं वाटलं. रविवारी चॅपेलला प्रार्थनेसाठी घालायचं जाकीट चढवून आला होता.

त्या हाताने त्याने एकतीस गुण केले, ही काही चेष्टा नव्हती. एक निळा चेंडू तर असा घातला की माडी टाळ्यांनी दणाणली. गेथिन मुकाट्याने खेळला, एकही सोपा चेंडू त्याने सोडला नाही. चौसष्ट-एकतीस.

हरलेल्याने आपली पाटी स्वतः उतरवायची असा नियम होता. इडवलच्या बोटांना पाटीची दोरी खिळ्यावरून सुटेना. आम्ही सगळे आपापल्या ग्लासात बघत राहिलो. शेवटी ती सुटली. दुसऱ्या खिळ्यावर ती अडकवून त्याने गेथिनची पाठ थोपटली. "शून्यावर हरलो," तो म्हणाला. "ताठ मानेने हरलो."

जिन्यात मोरलाईसने गेथिनला गाठलं. मी मागेच होतो.

"एकतीस आणि पस्तीस, सहासष्ट. तुझे चौसष्ट," मोरलाईस म्हणाला. "हे तुला वहीतच दिसलं होतं."

गेथिन कोटाची बटणं लावत होता. "त्याला हवं होतं तेच मी दिलं," तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी तिसऱ्याने आव्हान दिलं, मग चौथ्याने. इडवल शून्यावर, म्हणजे उलट त्यालाच समोरच्याला आधी दहा, वीस, तीस गुण द्यावे लागत. उमेदीत ज्याने यांना घाम फोडला होता, त्याला फळीवरून खाली ढकलायची मजा एकानेही सोडली नाही. मार्चपर्यंत त्याची पाटी तेराव्या खिळ्यावर आली, शून्यासकट. तिच्याखाली फक्त मोरलाईसची पाटी होती. त्याने आव्हान दिलंच नाही.

हंगाम संपल्याचं जेवण झालं. मटणाचं गरम कॉल, म्हणजे आमच्याकडचा भाज्या घातलेला रस्सा, आणि पाव खाऊन सगळे सुस्तावले होते, तेव्हा इडवल उठून पुढे आला. ग्लास दोन्ही हातांनी धरला होता, तरी बिअर बाहीवर सांडत होती. सगळे मला तोलत होते, तो म्हणाला, तेव्हा या खोलीत एकच माणूस माझ्या बाजूने उभा राहिला. त्याने ग्लास गेथिनकडे उंचावला, आणि गेथिनने नम्रपणे मान लववली.

आपल्या खुर्चीकडे परत जाताना वाटेत मोरलाईस बसला होता. त्याने हात पुढे केला. इडवलने त्या हाताकडे पाहिलं आणि आपला थरथरता हात खिशात घातला.