मनोरा कुठल्या हाताला?

"डावीकडे, आजोबा, डावीकडे! किती वेळा सांगू?"

"उजवीकडे," आजोबा म्हणाले आणि बाकावर आणखी ठाण मांडून बसले.

बडबडीने कपाळावर हात मारून घेतला. घरात सगळे तिला बडबडीच म्हणत, आणि ते नाव तिने कष्टाने कमावलं होतं. पण आज तिचीही जीभ दमली होती. वाचनालय पाच वाजता बंद होणार होतं. चार वाजून गेले होते. आणि आज शेवटचा दिवस होता.

समोर सोळा पायऱ्या होत्या. चढून वर गेलं की पुढे नुसती हिरवळ आणि आभाळ. तिथे पूर्वी राणीच्या काळात बांधलेला काचमहाल होता. आजोबा सात वर्षांचे असताना तो जळाला. त्या आगीत गेलेल्यांची नावं आता दगडावर कोरायची होती. कामगारांची यादी महालाबरोबरच जळून गेली होती, म्हणून वाचनालयात लोकांच्या आठवणी नोंदवून घेत होते. ज्याने महाल आपल्या डोळ्यांनी पाहिला, त्याचीच साक्ष धरायची. आपल्या घरातलं एखादं नाव चिकटवायला कोण कोण येत होतं, त्यामुळे तपासणी कडक होती. एकदा दिलेलं उत्तर बदलता येणार नाही, अशी पाटीच लावली होती.

आजोबांची आई महालाच्या काचा पुसायची. आग लागली तेव्हा ती सुखरूप बाहेर आली होती. पण सज्जात दोन पोरं अडकली होती. ती परत आत गेली. पोरं बाहेर आली. ती नाही आली.

तिचं नाव ना कागदावर होतं, ना दगडावर. होतं ते फक्त आजोबांच्या डोक्यात. आणि डॉक्टर आईला हळूच काय म्हणाले, ते बडबडीने दाराआडून ऐकलं होतं. पुढच्या वर्षी आजोबांना स्वतःचं नाव आठवलं तरी खूप.

"मघाशी आतून बाहेर आलेल्या त्या टोपीवाल्या काकांनी मला सांगितलंय," ती पुन्हा सुरू झाली. "सगळे प्रश्न सोपे असतात. महालाचा मनोरा कुठल्या हाताला, यावर माणूस अडकतो. अकरा जणांना परत पाठवलंय, आजोबा! अकरा!"

"मग? मी काय अडकतोय? मी आईसाठी डबा घेऊन यायचो. मनोऱ्याच्या सावलीत बसून वाट बघायचो. उजव्या हाताला."

"तुमचा चष्मा सकाळी साखरेच्या डब्यात सापडला!"

"चष्मा माझा, डबा माझा. साखरेची काही तक्रार आहे का?"

एरवी ती खो खो हसली असती. आज तिला रडू यायला लागलं.

तिने आजोबांना हाताला धरून वाचनालयाच्या दाराशी नेलं. तिथे काचमहालाचा मोठा फोटो टांगला होता. महाल, तळं, पुढे व्हायोलिनवाल्यांची रांग. गावात उरलेला एवढा एकच फोटो. "बघा. घड्याळाचा मनोरा कुठे आहे? डावीकडे. हे व्हायोलिनवाले सगळे डावखुरे आहेत, एवढंसुद्धा दिसतंय यात! फोटो कधी खोटं बोलतो का?"

आजोबा फोटोजवळ गेले. बराच वेळ बघत राहिले. त्यांचा हात आपोआप उजवीकडे उचलला गेला, मग खाली आला.

"असेल बाई," ते पुटपुटले. "आई आतून काचेवर वाफ सोडायची आणि बोटाने माझं नाव लिहायची. बाहेरून मला ते उलटं दिसायचं. मी आधी उलटं वाचायला शिकलो, सुलटं मागाहून. तेव्हाचाच घोळ असेल माझ्या डोक्यात."

त्यांचा चेहरा पडला. पण तिने मन घट्ट केलं. "आजोबा, माझ्यासाठी. पणजीसाठी. एकदाच. डावीकडे."

"बरं," आजोबा म्हणाले. "तुझं ऐकतो."

आत ग्रंथपालबाई एकट्याच टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी आजोबांना पाणी दिलं, मग विचारायला लागल्या. काचा कशाने पुसायचे? ओल्या वर्तमानपत्राने. मधल्या सज्जाचा रंग? हिरवा, आणि कठडा सारखा हलायचा. बाई लिहीत होत्या. आजोबा वाफेचं सांगायला लागले तेव्हा बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. बडबडीने टेबलाखाली आजोबांचा हात दाबला. जमलं! जमतंय!

"आता शेवटचा प्रश्न," बाई म्हणाल्या. "पायऱ्यांवर महालाकडे तोंड करून उभं राहिलं, की घड्याळाचा मनोरा कुठल्या हाताला?"

आजोबांनी नातीकडे पाहिलं.

"डावीकडे," आजोबा म्हणाले.

बाईंचं पेन थांबलं. "घाई नाही, आजोबा. पाहिजे तर डोळे मिटा. नीट आठवून सांगा."

आजोबांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलले, उजवा खांदा किंचित उचलला गेला. बडबडीने त्यांचा हात इतका घट्ट दाबला की तिचीच बोटं दुखली.

"डावीकडे," आजोबा मोठ्याने म्हणाले. "अगदी नक्की."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. वही मिटली.

"बाकीचं सगळं किती खरं वाटत होतं हो," त्या हळूच म्हणाल्या. "बाहेरचा तो फोटो छापतानाच उलटा छापला गेलाय. आम्ही मुद्दाम तो तसाच टांगलाय. ज्यांनी महाल खरोखर पाहिलाय, ते उजवीकडे म्हणतात."