चौथी रकात

तिसरी रकात संपली होती. आता बसायचं, शेवटची दुआ पढायची, सलाम फेरून नमाज संपवायची. मुलाणी गुरुजी गुडघे दुमडून बसले, निम्मी दुआ झाली, तोच पुढून इमामांचा ‘अल्लाहु अकबर’ आला आणि इमाम सरळ उभे राहिले.

गुरुजी चमकले. मगरिबची, म्हणजे सांजेची नमाज तीन रकातींची. उभं राहायचं, वाकायचं, माथा टेकायचा, असं तीनदा. मग हे चौथं उभं राहणं कुठून आलं?

इमाम चुकला तर मागच्यानं ‘सुभानअल्लाह’ म्हणायचं, हे मुळशीतल्या माले गावच्या या मशिदीत त्यांनीच सगळ्यांना शिकवलेलं. शब्द जिभेवर आलाही. पण शेजारचा सिकंदर अत्तार उठला, त्याच्या पलीकडचे उठले, सगळी रांग उठली. बसलेले राहिले एकटे गुरुजी.

मीच चुकलो असेन, असं मनाशी म्हणून त्यांनी शब्द गिळला आणि गुडघ्यावर हात देऊन तेही उठले.

बाहेर चपला घालताना त्यांनी सिकंदरला हळूच विचारलं, “आज रकाती किती झाल्या रे?”

“तीन.”

“मोजल्यास?”

“मोजायच्या कशाला? मगरिबला तीनच असत्यात की, गुरुजी. तुमीच शिकवलंय.” सिकंदर हसला. “आन चुकलं असतं तर कुनीतरी बोललं असतं का न्हाई?”

हे गुरुजींना पटलं. पटलं म्हणूनच घाम फुटला.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, “जैतून, मी हल्ली विसरतो का गं?”

“चष्मा डोक्यावर ठेवून घरभर हुडकता. आता त्याला काय म्हनायचं ते तुमीच सांगा,” जैतूनबी भाकरी थापता थापता म्हणाली.

ती हसत होती. गुरुजींना मात्र थोरले भाऊ आठवले. त्यांचंही असंच चष्म्यापासून सुरू झालं होतं. शेवटी शेवटी पोटच्या पोराला ते “कुठलं पाव्हणं?” विचारायचे.

गुरुजी आत गेले आणि त्यांनी मगरिब एकट्यानं पुन्हा पढली, बोटं दुमडत. ती तीन झाली, यात शंका नव्हती. पण मशिदीतलं काय? तिथं तीनच झाल्या असतील तर आपलं डोकं कामातून चाललंय. चार झाल्या असतील तर सगळ्या रांगेची नमाज गेली, आणि कळूनसवरून आपण गप्प बसलो. यातलं वाईट कुठलं, हेही त्यांना ठरवता येईना.

नोकरीभर त्यांनी झेडपीच्या शाळेत पोरांना ‘का?’ विचारायला लावलं होतं. निवृत्त झाल्यावर रविवारी मशिदीत वर्ग घ्यायला लागले, तिथंही तेच. कुराणातली आयत नुसती घोकायची नाही, तिचा मराठीत अर्थ लावायचा. “अल्लाहनं अक्कल दिलीय ती झाकून ठेवायला नाही,” म्हणायचे. एकदा बाहेरगावच्या एका हजरतांनी बाळांना लस टोचू नका, माझा तावीज बांधा, असं सांगितलं. सगळे माना डोलवत असताना हे भर सभेत उभे राहिले. “कुठं लिहिलंय, हजरत? आम्हालाही दाखवा.” हजरत परत आले नाहीत. काही घरं गुरुजींवर कायमची रुसली, पण पोरांना लस टोचली गेली.

तोच माणूस आज रांगेकडे बघून उठला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मशिदीमागच्या खोलीकडे गेले. इमाम जुनेद दगडावर कुर्ता धूत होते. पंचविशीतला पोरगा, बीडकडचा, सगळं कुराण तोंडपाठ असलेला हाफिज. गुरुजींना बघून ते ओल्या हातानंच उठले.

“बसा, बसा,” गुरुजी म्हणाले. “एवढंच सांगायला आलो, की रविवारचा वर्ग आता तुम्ही घ्या.”

“का, गुरुजी?”

गुरुजींनी समोरच्या धरणाकडे पाहिलं. पाणी बरंच आटलं होतं, मधली टेकाडं उघडी पडली होती.

“माझ्या डोक्याचा भरवसा राहिला नाही. काल मगरिबला मला चार रकाती वाटल्या. तुम्ही उभे राहिलात, रांग उठली आणि मी एकटा बसलेला. ज्याला तीनपर्यंत मोजता येत नाही, त्यानं पोरांना काय शिकवायचं?”

कुर्ता पिळता पिळता जुनेदचे हात थांबले. कुर्त्याचं पाणी त्यांच्या पायांवर ठिबकत राहिलं.

“चार वाटल्या?”

“वाटल्या. सिकंदरला विचारलं, तो तीनच म्हणतो.”

“वाटल्या, तर टोकलं का नाहीत?”

“तुम्ही हाफिज. त्यात सगळे उठलेले. इतकी माणसं चुकतील कशी? म्हटलं, म्हाताऱ्याचीच गफलत.”

इमाम सावकाश पायरीवर बसले.

“गुरुजी,” ते म्हणाले, “काल उठताना मलाच कळेना, तिसरी झाली की दुसरी. उभा राहिलो आणि कान मागं लावले. म्हटलं, मागं गुरुजी आहेत, चुकलो तर टोकतील. तुमचा आवाज आला नाही, म्हणून मी पुढं पढत राहिलो.”