लाडवांचा डबा

चीफ ऑफिसर बाईंनी लाडू ताटात ओतून डब्यात लोहखनिजाची भुकटी भरली, तेव्हा जहाजावरच्या आचाऱ्याचा जीव कळवळला. बायकोनं दिलेला डबा होता तो!

“प्रशिक्षणात हेच शिकवलंय,” म्हणत बाईंनी डबा ओट्यावर पंचवीस वेळा दणादण आपटला. झाकण काढलं, तर भुकटीवर पाणी साचलं होतं.

“हा माल चढवायचा नाही. बोटीच्या पोटात याचा चिखल झाला, की बोट कलंडलीच!”

“दाखला आहे, माल ठणठणीत कोरडा आहे!” मालवाल्याचा एजंट उसळला. “एवढं आपटल्यावर पाणी सुटणारच!”

आचाऱ्यानं पोचे पडलेला डबा पोटाशी धरला आणि बाईंवरचा सगळा राग एजंटवर काढला.

“वीस वर्षं बोटीवर भाकऱ्या थापतोय मी. समुद्र काय बोटीला पाळण्यात घालून जोजवतो?”