उलटं धरलेलं पुस्तक

"सामान कुणीही न्या," नोझिबेले म्हणाली. "मला फक्त माझी पत्रं हवीत."

शेजारची व्हायोला तोले गादीवर बसून नोझिबेलेच्या आईच्या कपड्यांचे वाटे घालत होती. मातीला दोन दिवस झाले होते. सत्तावीस वर्षांनी नोझिबेले लुसाकाहून परतली, तेव्हा थडग्यावरची माती वाळलीही होती.

"पेटाऱ्यात असतील," व्हायोलामावशी म्हणाली. "तुझी आई, आमची बाई, तुझ्या पत्राला कुणाला हात लावू देत नसे. फाटकात लुसाकाचं गरुडाचं तिकीट दिसलं की तिथूनच ओरडायची, 'माझ्या पोरीचं आलं!' मग खोलीत शिरून आतून कडी."

"उत्तर एकाचंही दिलं नाही."

"पोलीस टपाल फोडायचे गं, म्हणून नसेल दिलं. तिला नाही कळणार तर कुणाला?"

नोझिबेलेही इतकी वर्षं स्वतःला हेच सांगत आली होती. पहिल्याच पत्रात तिने विचारलं होतं, न सांगता घर सोडून गेले, मला माफ केलंस का? पुढच्या प्रत्येक पत्रात तेच, शब्द तेवढे निराळे.

"तू निदान लिहीत तरी होतीस," मावशी एक शाल झटकत म्हणाली. "माझा झोलानी तुझ्याबरोबरच सीमेपार गेला. एक ओळ नाही. शिकवलं कशाला मग?"

झोलानी लुसाकाहून पुढे अंगोलातल्या लढवय्यांच्या तळावर गेला आणि तिथे तापाने वारला, हे नोझिबेलेने आल्याआल्या सांगितलं होतं. मावशी रडली नव्हती. 'माझ्या लेखी तो केव्हाच मेला,' एवढंच म्हणाली होती.

आताही ती तो विषय झटकून हसली. "कोर्टाची गंमत सांगू?"

"काल चौघांनी सांगितली, मावशी."

"ते चौघे तेव्हा शेंबडे होते. मी पहिल्या बाकावर होते. ऐक."

ते पंचावन्न साल होतं. गोऱ्यांच्या सरकारने काळ्या मुलांसाठी निराळं शिक्षण काढलं, भांडी घासण्यापुरतं आणि खड्डे खणण्यापुरतं. न्यू ब्रायटनच्या काळ्या वस्तीतल्या आईबापांनी पोरं शाळेतून काढून घेतली. बाई मिशनच्या शाळेत बारा वर्षं होती, म्हणून सगळ्यांनी तिलाच गळ घातली. चर्चच्या मागे साठ मुलं जमू लागली. परवानगीशिवाय शाळा चालवली तर तुरुंग. त्यामुळे फळा नाही, वह्या नाहीत आणि बाईच्या हातात कधी खडू नाही. पाढे गाण्यांतून, इतिहास गोष्टींतून. एकच जुनं पुस्तक होतं, मक्याच्या पोत्यात लपवलेलं. मुलं पाळीपाळीने मोठ्याने वाचत. बाई डोळे मिटून ऐके आणि कुणी अडखळलं की म्हणे, "पुन्हा."

ते 'पुन्हा' नोझिबेलेच्या कानात अजून होतं.

"धाडीत पुस्तक सापडलं," मावशी म्हणाली. "मॅजिस्ट्रेटने ते बाईच्या हातात दिलं. म्हणाला, वाच. वाचलं असतं तर शिक्षिका ठरून आत! बाईने काय करावं?" मावशीने शालीची घडी दोन्ही हातांनी समोर धरली, मान कलती केली, डोळे बारीक केले. "पुस्तक उलटं धरलं! आणि म्हणते कशी, 'साहेब, मला वाचता येत नाही.' आम्ही तोंडात रुमाल कोंबून बसलो. गोऱ्याने हाकलून दिलं, म्हणाला, या अडाणी बाईवर माझा वेळ घालवू नका. आयुष्यात तेवढं एकच खोटं बोलली, पण काय बोलली!"

नोझिबेले हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

"नाटकात जायला हवी होती," मावशी डोळे पुसत म्हणाली. "मला तर अक्षर म्हणजे मुंग्या. आपल्या दोन्ही घरांना फाटक एक, टपालाची पेटी एक. आलेलं टपाल बाईच बघायची. मला कोण लिहिणार म्हणा!"

नोझिबेलेने पेटारा उघडला. सगळ्यात खाली, लोकरीच्या धाग्याने बांधलेला पत्रांचा गठ्ठा होता. प्रत्येकावर मासा धरलेला गरुड. हाताळून हाताळून पाकिटांच्या कडा कापडासारख्या मऊ झाल्या होत्या.

तिने पहिलं पाकीट उलटलं. चिकटवलेलंच होतं. दुसरं, तिसरं, दहावं. एकही फोडलेलं नव्हतं.

म्हणजे रागच होता. सत्तावीस वर्षं.

"सापडली ना?" मावशीने विचारलं. "वाच की एखादं. आईला काय लिहिलं होतंस ते मलाही कळू दे."

 नोझिबेले पाकिटं पुढे सारत राहिली. गठ्ठ्याच्या मध्यावर एक पातळ पाकीट होतं. तोच गरुड, तशाच मऊ झालेल्या कडा. अक्षर मात्र तिचं नव्हतं.

त्यावर लिहिलं होतं: 'माझी आई, व्हायोला तोले.'